नवव्या खड्ड्यातलं कोनफळ

पोरांनो, आधी एक कोडं घ्या.

एक जीव कित्येक महिने अंधारात पडून होता. अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. तरी जिवंत होता. मग एका मायाळू पोरीला त्याची दया आली. तिनं त्याला वरचेवर पाणी पाजलं, तेही स्वतःच्या वाट्याचं. आणि तो मेला. पाण्यात विष नव्हतं, पोरीच्या मनात तर नव्हतंच नव्हतं. मग तो मेला कशानं?

घाईनं उत्तर देऊ नका. मी सगुणाबाई लोहकरे, वय वर्षं चौऱ्याहत्तर. असल्या जिवांची राखण करण्यात माझा जन्म गेला, आणि तरी ते उत्तर मला एका पत्र्याच्या यंत्राकडून ऐकावं लागलं. शाळा माझी तिसरीत सुटली. अक्षर वेडंवाकडं आहे, पण जे झालं ते सरळ सांगते.

आमची वस्ती कातळमाथ्यावर, अकरा घरांची. पूर्वी इथे चार महिने पाऊस पडायचा. आता सव्वा महिना पडतो, तोही तोंड बघून. उरलेलं वर्ष कोरडं ठाक. पाणी आभाळातून येतं खरं, पण ढगातून नाही. पिंपं उडत येतात, गांधीलमाशीसारखी घूं घूं करतात, माणशी सहा तांबे पाणी सोडतात आणि जातात. त्या सहा तांब्यांत पिणं, रांधणं, अंग धुणं सगळं.

असल्या माथ्यावर आम्हाला जगवलं ते कोनफळानं. कोनफळ म्हणजे जमिनीखाली वाढणारा कंद. कोणाकडे ते जांभळं असतं, आमचं आतून पांढरं. पावसात त्याचा वेल वर चढतो, दिवाळीनंतर पिवळा पडतो आणि वाळून जातो. मग पौषात आम्ही खणतो, उकडून खातो. पण सगळं खात नाही. कंदाचा वरचा भाग, ज्याला आम्ही मुंडी म्हणतो, तो हातभर कापून त्याच खड्ड्यात परत ठेवतो. वर वाळका पाला, पाल्यावर राख, राखेवर माती आणि मातीवर एक चपटा दगड. त्याला निजेचा दगड म्हणतात. घरातल्या थोर बाईनं दगडावर तीनदा थोपटायचं आणि म्हणायचं, "नीज. पाऊस हाक मारील तेव्हा ऊठ." एवढं झालं की पाऊस येईपर्यंत घरात कोणी त्याचं नावसुद्धा काढायचं नाही. झोपमोड होते.

ही रीत मला सासूनं दिली. "का हो असं?" म्हणून मी विचारलं, तर तिनं पळी फेकून मारली होती. माझ्या सुनेनं, मंजुळेनं मला विचारलं, तेव्हा मी पळी फेकली नाही, पण सांगितलंही नाही. "करायचं म्हणजे करायचं," म्हटलं. नातीनं, शेवूनं विचारलं, तेव्हा म्हटलं, "तिकडे फिरकलीस तर तंगडी मोडीन."

आता लिहिताना वाटतं, सासूची पळी परवडली.

पूर्वी वस्तीचे मिळून चाळीस खड्डे होते. लागोपाठ दोन पावसाळे फसले. यंदा उरले नऊ, सगळे माझ्या राखणीतले.

वैशाखातल्या एका सकाळी ते यंत्र आलं. सहा पायांचं, वासराएवढं, डोक्याच्या जागी काचेचा गोल डोळा. खाली डोंगरांची नोंद ठेवणारी एक कचेरी आहे, तिनं पाठवलेलं. बोलायला मात्र शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ.

"नमस्कार आजी. मी या उताराची तपासणी करायला आलो आहे."

"आलास तर आलास. पाय झाड आणि मग अंगणात ये," मी म्हटलं. मी माझ्या नेहमीच्या जागी, दाराशेजारच्या धोंड्यावर बसले होते.

त्यानं खरंच सहाही पाय झाडले. शेवू खुदकन हसली. दहा वर्षांची पोर, पण त्या दिवसांत ती फार क्वचित हसायची. ओठ फुटलेले, गाल आत गेलेले. मला वाटलं उन्हानं.

तीन दिवस ते यंत्र उतारभर फिरलं. चौथ्या सकाळी अंगणात येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "आजी, मला वाईट बातमी सांगायची आहे. या उतारावर एकही हिरवं पान नाही. नियमाप्रमाणे किमान तीन जिवंत अन्नवनस्पती आढळल्या नाहीत, तर जागा 'मृत' म्हणून नोंदवावी लागते. मृत उतारावरची घरं खाली छावणीत नेतात. उतार सपाट करून तिथे सूर्याच्या उजेडावर वीज करणाऱ्या पट्ट्या बसवतात. गाड्या आठ दिवसांनी येतील."

मंजुळा दारातच मटकन खाली बसली. "आत्याबाई, छावणीत माणसांना आकडे देतात हो. नावानं हाक मारत नाहीत."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. "अरे पत्र्या," मी म्हटलं, "पान नाही म्हणजे जीव नाही, हे कोणी शिकवलं तुला? माझ्या टकल्या भावाला बघून मेला म्हणशील का? खाली नऊ जण निजलेत माझे."

"मला दाखवाल का?"

आता सांगते ती माझी चूक. मी नुसतं "दाखवते" म्हणून थांबायचं होतं. पण सगळी वस्ती जमली होती, आणि चार माणसं ऐकायला असली की माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही.

"कोणताही दगड उचल!" मी गरजले. "नऊच्या नऊ जिवंत आहेत. एक जरी मेलेलं निघालं, तर आठव्या दिवशी पहिल्या गाडीत पहिली मी बसेन."

शेवू म्हणाली, "आजी, नको ना उघडू."

"तू गप."

पहिला दगड मी स्वतः उचलला. माती बाजूला केली आणि वास आला. पोरांनो, सडक्या कंदाचा वास नाकातून लवकर जात नाही. हात घातला तर लगदा हाताला लागला, कोमट आणि बुळबुळीत. दुसरा खड्डा उघडला. तोच वास. तिसरा. चौथ्याला मी कुदळ न घेता नखांनीच माती उकरायला लागले. आठ खड्डे उघडले. आठांत आठ प्रेतं.

हळूहळू वस्तीतला एकेक माणूस उठून आपापल्या घरात गेला. भांडी बांधायचे आवाज यायला लागले. त्या आवाजासारखा वाईट आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

"माती ओली आहे," यंत्र खड्ड्यात वाकून म्हणालं. "वैशाखात ही माती ओली कशी?"

"मी पाणी घातलं," शेवू म्हणाली.

मी वळले.

"रोज घालायचे, आजी. तू दुपारी आत कलंडलीस की. एक दिवस दोन खड्डे, दुसऱ्या दिवशी दुसरे दोन. माझे तीन तांबे. ते तहानलेले असतील ना गं. तू त्यांना काही द्यायची नाहीस, त्यांचं नावसुद्धा घ्यायची नाहीस. मला वाटलं, तू त्यांना विसरलीस."

म्हणून तिचे ओठ फुटले होते. तीन तांब्यांवर पोर जगत होती आणि मी उन्हाला नावं ठेवत होते.

हे कळायच्या आधीच माझ्या तोंडून गेलं होतं, "तू मारलंस त्यांना." ते शब्द परत घेता येत नाहीत. मी पुष्कळ प्रयत्न केला.

त्यानंतर शेवू दोन दिवस बोलली नाही. जेवायला बसायची, घास हातात धरून ठेवायची. पाणी दिलं तर भांड्याकडे अशी बघायची, जसं त्यातच विष आहे. मंजुळेनं समजावलं, रागावली, रडली. मी काय समजावणार? पाणी घालू नये हे मला माहीत होतं. का घालू नये हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं माहीत नसताना मी मान ताठ ठेवून फिरले.

तिसऱ्या दिवशी ती अंगणात उभ्या यंत्रापाशी गेली. मी धोंड्यावर बसून नाचणी निवडत होते. निवडायला त्यात काही नव्हतं, पण हात रिकामे ठेवून कोणाचं ऐकत बसायची मला सवय नाही.

"तहानलेल्याला पाणी दिलं तर तो मरतो कसा?" तिनं विचारलं.

"ते तहानलेले नव्हते," यंत्र म्हणालं. "बैस. पहिल्यापासून सांगतो. पावसाळ्यात वेलाला पानं असतात. पान सूर्याच्या उजेडाच्या मदतीनं पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड (आपण श्वास सोडतो तेव्हा बाहेर पडणारा एक वायू) यांच्यापासून साखर तयार करतं. याला प्रकाशसंश्लेषण (उजेडाच्या बळावर अन्न रांधणं) म्हणतात. आजच्या जेवणाला लागते त्याहून जास्त साखर झाली की वेल ती खाली कंदात पाठवतो."

"पुढच्यासाठी?"

"पुढच्यासाठी. पण साखर म्हणून ठेवत नाही. साखर पाण्यात विरघळते. पेशीत (जिवाच्या शरीरातली सगळ्यात लहान खोली) फार साखर कोंडली, तर ती आजूबाजूचं पाणी आत ओढून घेते. पेशी फुगते."

माझ्यानं राहवलं नाही. "एवढं लांबण कशाला? साखरेचा डबा पावसाळ्यात कसा होतो, शेवू? चिकट ना? हवेतली ओल ओढतो तो. पिठाचा डबा शेजारीच असतो, त्याला पाणी सुटतं का?"

यंत्राचा काचेचा डोळा माझ्याकडे वळला. "बरोबर, आजी. अगदी तेच. म्हणून कंदात साखरेचे कण एकाला एक जोडून लांब साखळ्या बनतात. त्या साखळ्या म्हणजे स्टार्च (पांढरा, पिठासारखा पदार्थ). तो गार पाण्यात विरघळत नाही, गुपचूप बसून राहतो. साखर आणि स्टार्च, दोघांनाही कर्बोदकं (जिवाला ताकद देणारं अन्न) म्हणतात. एकाच घरातली दोन भावंडं."

"एक उनाड, एक शहाणं," मी म्हटलं.

शेवूच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. हसू नव्हतं ते, पण हललं.

"मग पानं का टाकतो वेल?" तिनं विचारलं. "राहू दिली असती तर?"

"पानांना बारीक बारीक भोकं असतात, पर्णरंध्रं (पानाची हवा आत-बाहेर करणारी दारं). त्यांतून पाणी उडून जातं. पाऊस असताना चालतं. पाऊस संपल्यावर तीच पानं वेलाला सुकवून मारतील. म्हणून वेल पानांतलं कामाचं जेवढं काढता येईल तेवढं काढून खाली नेतो आणि पानं सोडून देतो. मग फक्त कंद उरतो. जमिनीखाली ऊन लागत नाही. तिथे तो सुप्तावस्थेत (जिवंत राहून सगळी कामं अगदी मंद करण्याच्या स्थितीत) जातो. श्वास घेतो, पण इतका हळू की साठवलेलं अन्न महिनोन्‌महिने पुरतं. आणि पाणीही त्याच्या अंगातच असतं. वरची जाड साल ते बाहेर जाऊ देत नाही."

"म्हणजे ते विसरलेले नव्हते."

"नाही. त्यांच्याजवळ सगळं होतं."

शेवू हळू आवाजात म्हणाली, "मग माझं पाणी कुठे गेलं?"

यंत्र तिच्याकडे वळलं. "निजलेल्या कंदाला पाणी ओढणारी मुळं नसतात," ते म्हणालं. "ती नंतर फुटतात. तुमच्या खड्ड्यांच्या तळाला कातळ आहे. पाणी खाली मुरलं नाही, साचून राहिलं. मातीत हवेसाठी जी जागा असते ती भरून गेली. कंद श्वास घेतो हे सांगितलं ना मी?"

शेवूनं डोळे मिटले. "निजलेल्या माणसाच्या तोंडात कोणी तांब्या ओतला..." ती म्हणाली.

"हो. तो गुदमरला. दुबळ्या झालेल्या सालीतून बुरशी आणि जीवाणू (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) आत शिरले. सहा महिन्यांचं अन्न त्यांनी खाल्लं."

पोरांनो, हे तुमच्या कोड्याचं उत्तर. कळलं म्हणून मला बरं वाटलं असेल, असं समजू नका. उत्तर पोरीला कळलं आणि ती पदर नसलेल्या फ्रॉकात तोंड खुपसून रडली, दोन दिवसांचं सगळं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तू नाही मारलंस," मी म्हटलं. "ज्या बाईला माहीत होतं आणि जिनं सांगितलं नाही, तिनं मारलं. मी तुझ्याशी बोलले असते, तर तू पाणी प्यायली असतीस."

माफी मागायची सवय मला नाही. मागितली ती अशी.

मग ती नाक पुसत म्हणाली, "आजी, नववा?"

"कुठला नववा?"

"नऊ म्हणाली होतीस ना? मी आठांनाच पाणी घातलं. नवव्याला घालता आलं नाही. तू उठतच नाहीस तिथून."

मी खाली बघितलं. नववा निजेचा दगड म्हणजे ज्यावर मी रोज बूड टेकते तो धोंडा. दुपारी मी आत कलंडले, तरी तो धोंडा एकट्या पोरीला हलणारा नव्हता. आठ खड्डे उकरताना, ती प्रेतं बघताना, माझ्या स्वतःच्या बुडाखालचा खड्डा मी विसरले होते. यंत्रानं बाजू धरली, मी दुसरी. माती कोरडी, भुगभुगीत. हात घातला. लागली ती मुंडी टणक, गार, जड. मी ती छातीशी धरली. चार लोक बघत असते तरी धरली असती.

"एक," यंत्र म्हणालं. "नियम तीनचा आहे."

मुंडीवर तीन डोळे होते. डोळा म्हणजे ती बारीक गाठ, जिथून कोंब फुटतो. मी विळ्यानं तिचे तीन तुकडे केले, प्रत्येकाला एक डोळा. कापलेला कंद सडू शकतो, आणि माझ्याकडे दुसरा नव्हता. कापलेली बाजू राखेत घोळवली, म्हणजे ओल धरणार नाही.

विळ्याला चिकटलेल्या चकतीवर यंत्रानं आपल्या पोटातल्या बाटलीतून एक थेंब टाकला. आयोडीन (जखमेवर लावतात ते तपकिरी औषध). तपकिरी थेंब बघता बघता काळानिळा झाला.

"स्टार्च असला की असा रंग येतो," ते म्हणालं. "भरपूर आहे."

"मग लिही, जिवंत."

"रंगावरून अन्न आहे एवढंच कळतं, आजी. कोंब दिसल्याशिवाय मला जिवंत लिहिता येत नाही. तीन कोंब."

"आणि कोंबाला ताकद कुठून येणार?" शेवूनं विचारलं. "पाऊस तर नाही."

"पाऊस नसला तरी जागं व्हायची वेळ कंदाला आतूनच कळते. ती आली की कंदात विकरं (शरीरातली कामं घडवून आणणारे पदार्थ) तयार होतात. ती साखळ्या तोडतात. स्टार्चची पुन्हा साखर होते. साखर विरघळते, डोळ्यापर्यंत पोचते आणि कोंब फुटतो."

मी तिला नाचणीच्या भाकरीचा तुकडा दिला. "गिळू नकोस. चावत राहा."

ती चावत राहिली. बऱ्याच वेळानं तिचे डोळे मोठे झाले. "गोड लागतेय!"

"तुझ्या लाळेतही विकर असतं," यंत्र म्हणालं. "भाकरीतल्या स्टार्चची तू आत्ता साखर केलीस. आजी, तुम्हाला हे कसं माहीत?"

"पोटभर नसलं की माणूस सावकाश चावतो," मी म्हटलं. "सावकाश चावलं की कळतं."

तुम्हीही करून बघा. पोट भरलेलं असलं तरी होतं.

तीन तुकडे एका टोपलीत राखेवर ठेवले. माती नाही, पाणी नाही. शेवू टोपलीशेजारी बसून राहायची. पाण्याचा तांब्या घेऊन मुद्दाम लांब जाऊन प्यायची, पण अर्धाच.

गाड्यांच्या मुदतीतल्या पाचव्या दिवशी एका तुकड्याला बोटभर काळा डाग पडला. सहाव्या दिवशी तो मऊ झाला. तिघांतला एक गेला. मी तो उचलून फेकला आणि भांडी बांधायला घेतली. दोन तुकड्यांवर उतार वाचणार नाही, हे मला कळत होतं. त्या दोघांनाही वरून अजून कोंब दिसत नव्हता. सातव्या दिवशीही नाही.

आठव्या दिवशी सकाळी गाड्या आल्या. बिनमाणसांच्या, पांढऱ्या, दारं आपोआप उघडणाऱ्या. मी नऊवारी घट्ट नेसले, गाठोडं घेतलं आणि पहिल्या गाडीत पहिली जाऊन बसले. मंजुळा म्हणाली, "आत्याबाई, कशाला? सगळ्यांबरोबर बसा की." मी म्हटलं, "जिभेनं बोलले ते बुडानं निभवायला नको?"

गाडीतून माथा दिसत होता. तपकिरी, भाजलेला. सासूचे, तिच्या सासूचे खड्डे. मला वाटलं, यंत्राचं बरोबर असेल. मेलेलाच असेल हा डोंगर. आपणच वेड्यासारखं थोपटत बसलो.

"आजी, टोपली धर," शेवू खालून म्हणाली.

मी टोपली घेतली. राख बोटांनी सारली, नुसती सवयीनं. आणि बोट थांबलं. एका तुकड्याच्या डोळ्यातून तांबूस टोक बाहेर आलं होतं, उंदराच्या पिलाच्या नाकाएवढं. दुसरा तुकडा उलटला. त्याला दोन बोटं लांब कोंब. राखेत तोंड खुपसून वाकडा वाढलेला. ना पाणी, ना माती, ना पाऊस.

"पत्र्या!" मी अशी ओरडले की तीन घरांतली माणसं बाहेर आली.

यंत्रानं काचेचा डोळा टोपलीवर धरला. बराच वेळ धरला. "दोन," ते म्हणालं.

"दोन," मी म्हटलं. "मोजता येतं मला."

"तीन हवेत. त्यामुळे 'जिवंत' लिहिता येत नाही. पण यांच्याकडे बघून 'मृत' लिहिलं तर ते खोटं होईल. रकान्यात दोनच शब्द बसतात, आजी."

"मग तुझ्या कचेरीला सांग, निजलेल्यांचा रकाना करा."

"ते मला करता येणार नाही. रकाना रिकामा ठेवता येतो. रिकामा रकाना म्हणजे तपासणी अपुरी. मग पुन्हा यावं लागतं. श्रावणात."

"आणि तोवर?"

"तोवर गाड्या परत जातात."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गाठोडी सुटायला मात्र लागली. गाड्यांची दारं आपोआप मिटली, आणि त्या जशा आल्या तशा रिकाम्या गेल्या. मागोमाग यंत्रही गेलं. वाकडी वाट उतरताना त्यानं एकदा वळून पाहिलं. का ते मला माहीत नाही. काच साफ करत असेल.

दोन्ही तुकडे आम्ही नवव्या खड्ड्यात आणि त्याच्या शेजारच्यात, तो आधी चांगला वाळवून, ठेवले. पाला, राख, माती. दगड ठेवला आणि मी शेवूला म्हटलं, "तू थोपट."

"मी? थोर बाईनं थोपटायचं असतं ना?"

"आज तू थोर. आणि थोपटताना मोठ्यानं सांग, का निजवतेस ते. सगळ्या पोरांना ऐकू जाईल असं."

तिनं सांगितलं. पान, साखर, स्टार्च, श्वास, सगळं. 'विकर' शब्द दोनदा चुकली, तरी थांबली नाही. वस्तीतली सहा पोरं दगडाभोवती उकिडवी बसून ऐकत होती. माझ्या सासूच्या पळीचा आवाज माझ्या कानात बंद झाला.

श्रावणात यंत्र येईल. पाऊस येईल का, ते आभाळाला ठाऊक. आला नाही, तर ते दोन कोंब आपलं अन्न संपवून वाळतील, आणि मग रकान्यात काय लिहायचं ते कोणाला विचारावं लागणार नाही. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. चाळीसांतले दोन उरलेत. पण दोनांतून चार करता येतात, एवढं मला येतं, आणि चारांतून आठ कसे करायचे ते आता शेवूला येतं.

त्या दिवशी पिंपं आली, घूं घूं करून गेली. शेवूनं तिचा पहिला तांब्या घेतला. निजेच्या दगडाजवळ आली, तेव्हा माझा जीव वर आला. ती दगडाकडे बघत उभी राहिली, मग तांब्या तोंडाला लावला आणि माझ्यासमोर, सावकाश, तळाचा थेंबसुद्धा न ठेवता सगळं पाणी प्यायली.